तिसऱ्या मजल्यावरचं दार

मावशीच्या फोनचं पाचाचं बटण गेलं आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

मावशीने सगळी नोकरी शाळेची बस चालवण्यात काढली. सकाळी मुलांना सोडायचं, शाळा सुटली की परत न्यायचं, आणि मधला वेळ शाळेच्या कुंपणाला बस लावून बसून राहायचं. बाकीचे ड्रायव्हर डुलक्या काढत. मावशीला दिवसा झोप लागत नसे, आणि दुसऱ्याच्या तक्रारी ऐकत बसण्याचा तिला कंटाळा. म्हणून तिने बटणांच्या फोनवर एक गेम घेतला होता. त्याचं नाव 'दीपगृह'. एक बुटका, टोपीवाला दिवेवाला. त्याने तळमजल्यावरून तेलाचा डबा उचलायचा, जिने चढायचे आणि वरचा दिवा विझू द्यायचा नाही. दिवा विझला की बाहेरचं जहाज खडकावर. दोनाने वर, आठाने खाली, चार-सहाने डावी-उजवीकडे आणि बाकी सगळं पाचाने. उचलायचं पाच, ठेवायचं पाच, पेटवायचं पाच. ते बटण झिजून झिजून आधी गुळगुळीत झालं, मग आत गेलं ते वर आलंच नाही.

"नवा फोन आहे ना तुझ्याकडे?" भाची म्हणाली.

"आहे. त्यावर दीपगृह नाही."

भाची एका कंपनीत मोबाइलची ॲप बनवायची. मावशी निवृत्त झाल्यापासून दोघी एकाच घरात राहत. मावशीचा हट्ट कुठवर जातो हे भाचीला चांगलं ठाऊक होतं, त्यामुळे तिने वाद घातला नाही. गेमची मूळ फाइल फोनच्या मेमरी कार्डावर तशीच पडून होती. भाचीने कार्ड काढून लॅपटॉपला लावलं, जुन्या फोनची नक्कल करणारा एक प्रोग्राम उतरवून घेतला, आणि जेवणाच्या टेबलावर लॅपटॉपच्या मधोमध एक चिमुकला पडदा उघडला. दिवेवाला टोपी सावरत उभा राहिला.

मावशी खुर्ची ओढून बसली. चार-दोन चुका झाल्या, मग बोटांना कीबोर्ड कळला. भाची मात्र फाइलच्या आकाराकडे बघत राहिली. जेमतेम चौसष्ट किलोबाइट. तिच्या ॲपमधलं नुसतं बोधचिन्हाचं चित्र याच्यापेक्षा मोठं होतं. एवढ्याशा जागेत समुद्र, जहाजं, वारा, जिने आणि एक माणूस कसा काय मावला असेल?

"आता तुला एक विचारते," पडद्यावरची नजर न काढता मावशी म्हणाली. "तू यातली आहेस म्हणून. हे तिसऱ्या मजल्यावरचं दार का उघडत नाही?"

दिवेवाला एका दारासमोर उभा होता. मावशीने पाच दाबलं. टक्‌ असा आवाज आला आणि काही झालं नाही.

"नुसतं चित्र असेल."

"बाकी मजल्यांवर अगदी असंच दार आहे आणि ती सगळी उघडतात. एकात तेल, एकात वाती. हेच उघडत नाही. मी सगळं करून बघितलं. सगळी जहाजं वाचवून आले, एकही न वाचवता आले. डबा घेऊन, डबा न घेता. आणि नुसतं चित्र असेल तर टक्‌ कशाला वाजेल?"

भाचीच्या डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तिने ती फाइल उघडायला घेतली. अशा जुन्या, जावा भाषेत लिहिलेल्या गेमची फाइल म्हणजे खरं तर एक गाठोडं. गाठ सोडली की आत चित्रं, आवाज आणि यंत्राला कळेल असा कोड वेगवेगळा दिसतो. त्या कोडवरून माणसाला वाचता येईल असा कोड परत बनवून देणारी साधनंही मिळतात. फक्त बनवणाऱ्याने दिलेली नावं त्यात उरलेली नसतात. जागा वाचवायला सगळ्यांची नावं अ, ब, क अशी करून टाकलेली. समुद्र कुठला आणि जिना कुठला हे आपलं आपण ओळखायचं. भाचीला ते एखाद्या अनोळखी घरात डोळे बांधून फिरल्यासारखं वाटलं, आणि आवडलंही. कित्येक दिवसांत कामावर तिला असं काही वाटलं नव्हतं.

आठवडाभर ती रोज थोडं थोडं चाचपडत राहिली. घरी आली की मावशी भाजी चिरता चिरता विचारायची, "कुठवर पोचलीस?"

"पहिल्या जिन्यापर्यंत."

मग एका संध्याकाळी भाची चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागली. "मावशी, दाराच्या आत खोली आहे."

मावशीने विळी बाजूला ठेवली.

"म्हणजे असायला हवी होती. तू पाच दाबलंस की कोड खोलीचं चित्र मागतो. ते चित्र गाठोड्यात नाहीच. मिळालं नाही की कोड टक्‌ वाजवतो आणि मुकाट्याने परत येतो. बाकी सगळी तयारी आहे. आत गेल्यावर दिवेवाल्याने कुठे उभं राहायचं हेसुद्धा लिहिलंय."

"मग चित्र गेलं कुठे?"

"तेच तर."

"तरी मी म्हणत होते," मावशी एवढंच म्हणाली, पण त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

जुन्या फोनचे गेम जपून ठेवणाऱ्या हौशी लोकांचा इंटरनेटवर एक कट्टा होता. भाचीने तिथे विचारलं. दीपगृह बऱ्याच जणांकडे निघालं, पण सगळ्यांचं तेच, बंद दाराचं. गेमच्या माहितीत बनवणाऱ्याचं आडनाव होतं, जरा वेगळंच, सहसा ऐकू न येणारं. कट्ट्यावरच्या एकाने लिहिलं, या आडनावाचं ऐकू येण्याच्या यंत्रांचं एक दुकान आहे, तोच माणूस की काय कोण जाणे. दुकानाचा नंबर सोबत होता.

भाची कशा शब्दांत मेल लिहावी याचा विचार करत बसली. तेवढ्यात मावशीने फोन लावूनसुद्धा टाकला.

"नमस्कार. तुमच्या दीपगृहाच्या तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडत नाही."

पलीकडून एक पुरुषी आवाज सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "बाई, यंत्र कानातून काढा आणि बॅटरी बदलून परत घाला."

"माझे कान ठणठणीत आहेत. मी गेमबद्दल बोलतेय. बुटका दिवेवाला. टोपी."

"तो अजून कोणी खेळतं?" तो माणूस म्हणाला. आवाज एकदम निराळा झाला होता.

सुट्टीच्या दिवशी दोघी त्याच्याकडे गेल्या. दुकान म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत काचेच्या कपाटात कानांचे रबरी नमुने, आत श्रवण तपासायची एक जाड भिंतींची पेटीवजा खोली. माणूस पन्नाशीचा, बोलताना समोरच्याच्या ओठांकडे बघायची सवय लागलेला. मावशीने मनातल्या मनात त्याचं नाव 'कानवाले' ठेवलं आणि पुढच्या दहा मिनिटांत तोंडावरही तेच वापरायला लागली. त्याची हरकत दिसली नाही.

"तेव्हाचे छोटे फोन चौसष्ट किलोबाइटच्या वरचा गेम घ्यायचेच नाहीत," कानवाले सांगू लागले. "एक अक्षर जास्त झालं तरी नाही. आम्ही वाऱ्याचा आवाज अर्धा केला, जहाजांचे रंग कमी केले. तरी बसेना. शेवटी ती खोली काढून टाकली."

"मग दारही काढायचं," मावशी म्हणाली. "माणूस आशेला तरी लागला नसता."

"दार काढायला जागा नव्हती."

भाची हसली. तिला कळलं होतं. मावशीला कळलं नव्हतं, म्हणून कानवाल्यांनी कागदाच्या चिठ्ठीवर चौकोन काढून दाखवला. सगळ्या मजल्यांना भिंतीचं एकच चित्र, दारासकट. तेच खाली, तेच वर. बिनदाराची भिंत हवी तर आणखी एक चित्र आलं, आणि त्या चित्रापुरतीही जागा शिल्लक नव्हती.

"मोठ्या फोनांसाठी वेगळी फाइल होती. तिच्यात खोली आहे. पण ती फारशी कोणी घेतली नाही. मोठे फोन घेणाऱ्यांना मोठे गेम हवे असत."

"ती फाइल आहे तुमच्याकडे?" भाचीने विचारलं.

"कॉम्प्युटर तर कधीच भंगारात गेला. पण फोन असतील."

त्यांनी आतून बुटांचं एक खोकं आणलं. त्यात चाचणीसाठी वापरलेले फोन एकमेकांवर रचलेले होते, सरकून उघडणारे, घडीचे, एकाला तर गोल बटणं. बॅटऱ्या सगळ्या मेलेल्या, एक फुगून पुरीसारखी झालेली. ती त्यांनी चिमट्याने उचलून लांब ठेवली. भाची एकेक फोन उलटसुलट करून पाहत होती. या प्रत्येकाचा पडदा वेगळा, बटणं वेगळी, आणि या माणसाने एकच दिवेवाला या सगळ्यांत बसवला होता. ती तर दोन आकारांच्या पडद्यांवरून दिवसभर कुरकुरायची.

कानवाल्यांच्या टेबलावर बॅटऱ्या तपासायचं सगळं सामान होतंच. दोन बारीक तारा लावून त्यांनी रुंद पडद्याच्या एका फोनला थेट वीज दिली. पडदा उजळला. यादीत दीपगृह होतं.

"आता खेळावं लागेल," कानवाले म्हणाले. "आधीचे मजले केल्याशिवाय तिसरा येत नाही. मला काही जमायचं नाही, विसरलो मी."

"आणा इकडे," मावशी म्हणाली.

बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि मावशीला एकाग्र होता येईना, तेव्हा कानवाल्यांनी तारांसकट सगळं श्रवण तपासायच्या खोलीत हलवलं. तिघं त्या पेटीत दाटीवाटीने बसले. दार लावल्यावर आत फक्त बटणांचा आवाज. या फोनवर समुद्र जास्त रुंद होता, आणि वारा पुरता वाजत होता. मावशी क्षणभर थबकली.

"हा वारा मी कधी ऐकलाच नव्हता," ती म्हणाली, आणि पुढे खेळू लागली.

दिवेवाला तिसऱ्या मजल्यावर पोचला, दारासमोर उभा राहिला. मावशीने पाचावर अंगठा ठेवला, पण लगेच दाबला नाही. मग दाबला.

दार उघडलं. छोटीशी खोली. एक खाट, गोल खिडकी, खिडकीत समुद्र. दिवेवाल्याने टोपी काढून खुंटीला लावली. टोपीखाली त्याला टक्कल होतं. खिडकीतून वाचलेली जहाजं एकामागून एक जाताना दिसत होती. बस, एवढंच. मावशी मात्र कितीतरी वेळ ते बघत राहिली. कोणी तिला घाई केली नाही.

"टक्कल असेल असं वाटलं नव्हतं," ती शेवटी म्हणाली. मग फोन डोळ्यांजवळ नेला. "आणि हा खाटेमागचा जिना कुठे जातो?"

"कुठला जिना?" कानवाले पुढे वाकले. चष्मा वर केला, खाली केला. खाटेमागे, अंधाऱ्या कोपऱ्यात, खाली उतरणाऱ्या पायऱ्यांचं टोक दिसत होतं. "हा मी सांगितलेला नाही. चित्रं ताई काढायची."

"तुम्ही खोली बनवलीत आणि आत बघितलंच नाही?"

"दार उघडतं का तेवढं तपासलं. पुढच्या फोनवर जायची घाई असायची."

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. गेमची कंपनी म्हणजे ही दोघं भावंडंच. नवे, स्पर्शाचे फोन आले आणि कंपनी मिटली. भांडण वगैरे काही झालं नव्हतं, पण त्या विषयावर बोलणं थांबलं ते थांबलंच. आता ती शाळेच्या पुस्तकांसाठी आकृत्या काढायची. कानवाल्यांनी तिथे बसल्या बसल्या फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावा असा ठेवला.

"ताई, दीपगृहातल्या त्या खोलीत जिना कशाला काढलास?"

"आत्ता दिसला होय तुला?" पलीकडून बाईचा आवाज आला. "दुसरा भाग करू म्हणाला होतास. खाली, खडकाच्या पोटात. तू विसरशील म्हणून जिना काढून ठेवला. आता कसा काय दिसला?"

"मी नाही बघितला. एक बाई आल्यात, त्यांनी विचारलं. शाळेची बस चालवायच्या."

"त्यांना दे."

मावशीने फोन हातात घेतला. "नमस्कार ताई. खाली काय आहे?"

"पाणी. आणि एक होडी. पुढचं आमचं ठरलंच नाही."

"मग ठरवा ना. मी काय आता दुसरं दार बघत बसू?"

पलीकडून हसू आलं. ताईने होडी कशी असावी ते सांगायला सुरुवात केली, मावशीने मध्येच वल्ह्याला पाचाचं बटण देऊ नका म्हणून बजावलं, आणि कानवाले जागा किती लागेल याचा हिशोब बोटांवर करू लागले. भाची त्यांना म्हणाली, "आता जागेची काय अडचण? चौसष्टची अट उरली नाही."

"अट ठेवू," ते म्हणाले. "नाहीतर काय गाळायचं ते कधी कळणारच नाही."

गेम बनवायची जुनी साधनं नव्या कॉम्प्युटरवर चालवणं सोपं गेलं नाही. भाचीने सुट्टीच्या सकाळी त्यात घालवल्या, कधी घरी, कधी त्या दुकानात. त्या साधनांतला नकली फोन पडद्यावर पहिल्यांदा उमटला तेव्हा कानवाल्यांनी उठून चहा टाकला, तो उतू गेला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. ताई चित्रं पाठवायची, ती फार मोठी झाली म्हणून कानवाले कुरकुरायचे, ताई दोन रंग कमी करून तीच परत पाठवायची.

दुसऱ्या भागाचा पहिला कच्चा नमुना मावशीच्या हातात पडला तो एका दुपारी. तिच्या जुन्या फोनला भाचीने दुसऱ्या फोनचं बटण बसवलं होतं. मावशी खिडकीजवळ बसून जिना उतरली, होडीत बसली आणि निघाली. थोड्या वेळाने तिने नव्या फोनवरून दुकानात फोन लावला.

"कानवाले, होडी दगडातून आरपार जाते."

"चूक आहे ती. संध्याकाळी दुरुस्त करतो."

"थांबा, लगेच नको," मावशी म्हणाली. "मी आत्ता दगडाच्या आत आहे. इथून पुढे कुठे निघते ते आधी बघू द्या."