नायट्रोजनची शेवटची वाटी

"शेवटची वाटी हं, रमे! परत मागायला आलीस तर दारात उभं करणार नाही," विनायकदादा गुरकावला.

विनायक पनवेलचा गुरांचा डॉक्टर. द्रव नायट्रोजनचं पिंप त्याला जिवापलीकडे, कारण शिरढोण-आपटा गावांतल्या गाईंसाठी वळूचं बीज त्यातच गारठवून ठेवलेलं. रमा त्याची धाकटी बहीण, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. साल अठ्ठ्याऐंशी. जगभर नव्या अतिवाहकाचा, म्हणजे गारठला की वीज बिनअडथळा वाहू देणाऱ्या पदार्थाचा बोलबाला, आणि या बाईनं तो चक्क कॉलेजच्या भट्टीत भाजायला घेतलेला! त्याच्या भाजलेल्या तीन टिकल्या वाया गेल्या होत्या, आणि प्रत्येक टिकली गारठवून पारखायला वाटीभर नायट्रोजन लागायचा. पनवेलात नायट्रोजन दुसरीकडे कुठे मिळणार? ही चौथी फसली की वर्षभराचा ध्यास संपला.

चूक तरी कसली, तर भाकरी फुगली का बघावं तशी ती भट्टी उघडायची आणि टिकली गरमागरमच बाहेर काढायची. अहो, तिला प्राणवायू पोटात घ्यायला उसंत नको? या खेपेला रमानं हात आवरले. भट्टी आपसूक निवेपर्यंत झाकणाला शिवली नाही.

आता दवाखान्याच्या टेबलावर थर्माकोलच्या डबीत काळी टिकली, तिच्यावर इवलंसं चुंबक. दादानं वाटी ओतली. वाफच वाफ झाली. काही हलेना. रमा डबीवर आणखी वाकली.

आणि चुंबक उठलं! अधांतरी, कशाचाही आधार नाही. दादानं मधून कागद सरकवला, तो आरपार गेला.

"अगं आई गं! कुणी धरलंय याला?"

"आतल्या विजेच्या कणांनी, दादा. एरवी धक्के खात, धडपडत जातात. इतकं गारठलं की जोड्या जमवतात आणि सगळेच्या सगळे एका पावलानं चालतात, गौरीच्या फेरातल्या बायकांसारखे. मग त्यांना काहीच अडवत नाही, आणि त्यांचा प्रवाहच चुंबकाला वर ढकलून धरतो."

"पण ह्याच टिकलीत का?"

"या असल्या पदार्थांत ते इतक्या सहज का जमतात, हे अजून जगात कुणालाच नीट कळलेलं नाही." सांगताना तिचे डोळे भरून आले. केवढं अफाट, आणि ते आपल्या हातून घडलं!

वाफ विरली. चुंबक हळूच खाली बसलं. पाहायला मिळालं हेच खूप, असं मनाला समजावत रमानं रिकामी वाटी पुसायला घेतली.

दादानं ती तिच्या हातून काढून घेतली, पिंपाचं झाकण उघडलं आणि वाटी काठोकाठ भरली.

"गाई थांबतील जरा. परत उचल त्याला."