मांजरालासुद्धा थोंगझी

गुईहुआची पिवळी फुलं फुलली की म्यानयांग शहराची हवाच गोड होते आणि माणूस झोपेतून चालल्यासारखा चालतो. युजेनचं सकाळपासून तसंच चाललं होतं. बसमधून उतरताना बाबा ड्रायव्हरला म्हणाले, "उस्ताद, सावकाश जा हो." तिला हायसं वाटलं. चला, सुटली एकदाची सवय!

सवय 'थोंगझी' म्हणण्याची. म्हणजे कॉम्रेड. सूतगिरणीत जन्म काढलेले बाबा ड्रायव्हरला, डॉक्टरला, शेजारच्या मांजरालासुद्धा थोंगझी म्हणायचे. पण शब्दही कूस बदलतात. हल्ली बाईवर जीव जडलेल्या बाईला, पुरुषावर जीव जडलेल्या पुरुषाला पोरं थोंगझी म्हणतात. दुकानातल्या मुली बाबांना फिदीफिदी हसायच्या. युजेन नुसतंच म्हणायची, "बाबा, जुना झाला तो शब्द." पुढे जीभ रेटायची नाही, कारण तिच्या चेंगदू शहरातल्या घरात छिंग होती. सहा वर्षांपासूनची 'रूममेट'.

आज बाबांच्या पंचाहत्तरीला छिंग पहिल्यांदाच आली होती. निघतानाच तिने बजावलं होतं, "तिथे मला रूममेट म्हणालीस, तर एकटी परत जाईन. कायमची."

टेबलावर वाढदिवसाच्या लांबच लांब नूडल्स वाफाळत होत्या; जितकी लांब नूडल, तितकं लांब आयुष्य. आत्या युजेनला न्याहाळत म्हणाली, "अगं बाई, केस कापून पार भाऊ झालीस की! वेणी होती तेव्हा कशी चित्रासारखी दिसायचीस. आता कोण पसंत करणार तुला?"

"हिच्या आईचे केस एवढेच होते," बाबा म्हणाले. "गिरणीत सगळ्यांचे निळे कोट. बाई कोण नि बुवा कोण, कळायचं नाही. मला मात्र तेवढी एकच दिसायची."

आत्याने मोर्चा वळवला. "आणि ही कोण गं?"

युजेनने तोंड उघडलं. वाफेआडून छिंग तिच्याकडेच बघत होती. सगळं घर पाण्याखाली गेल्यासारखं वाटलं.

"ही आमच्या युजेनची थोंगझी," बाबा म्हणाले.

आतेभावाला जोरात ठसका लागला. "बरं झालं बाई, परक्या शहरात सोबत असलेली बरी," म्हणत आत्या वाढायला उठली.

युजेनने बाबांना गॅलरीत गाठलं. "बाबा, त्या शब्दाचा अर्थ आता..."

"औषधाच्या दुकानातली पोरगी हसली, तेव्हा विचारला मी तिला. झालं वर्ष." बाबा खालच्या पिवळ्या फुलांकडे बघत राहिले. "तेव्हापासून कुणाला म्हटलंय का मी थोंगझी? मांजरालासुद्धा नाही."

युजेनला रडूच आलं.

"तू नुसती तोंड उघडून बसलीस, म्हणून मला म्हणावं लागलं," बाबा पुटपुटले. "जा आता. तुझी आत्या धसमुसळी, वाढताना नूडल्स तोडते. त्या पोरीचं आयुष्य कमी करेल."

युजेन डोळे पुसून आत गेली.

"सर गं आत्या," ती म्हणाली. "माझ्या थोंगझीला मी वाढते."