जानकीबाईची वाकळ

आसारामच्या डोळ्यांना सकाळी उठल्या उठल्या खाज सुटायची. बाजेवर बसून तो मनगटानं डोळे इतके चोळायचा की पापण्या सुजून यायच्या. शेतात गेला की दुपारपर्यंत जरा बरं वाटायचं. चौसाळ्यातल्या एका मेडिकलमधून आणलेले थेंब घातले की लाली जायची, पण बाटली संपली की दुपटीनं परत यायची.

गावातले म्हणायचे, बायकोच्या मागं रडून रडून हा डोळे घालवून बसणार. जानकीबाईला जाऊन वर्ष होत आलं होतं. खरं तर आसाराम एकदाही रडला नव्हता. तिचं नावसुद्धा त्यानं तोंडातून काढलं नव्हतं.

मुलगा परमेश्वर पुण्याला कंपनीत. शेवटी सून सुनिताच सासऱ्याला घेऊन बीडला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेली. बाईंनी पापणी उलटी करून उजेडात पाहिली.

"काका, खाज कधी जास्त असते?"

"सकाळी. उठल्यावर."

"अंथरूण-पांघरूण कसलं आहे?"

सुनिता म्हणाली, "जुन्या लुगड्यांची वाकळ हाय. आत्यांनी, म्हंजी माझ्या सासूनं, शिवलेली. त्या गेल्यापासून मामा ती धुऊच देत न्हाईत."

"मग बहुतेक तिचाच त्रास. जुन्या पांघरुणात धूळ साठते, डोळ्याला न दिसणारे बारीक किडे होतात. त्यांची अ‍ॅलर्जी आहे ही. कढत पाण्यात धुवा, कडक उन्हात वाळवा. खाज आली तरी चोळायचं नाही, बुबुळाला इजा होते. स्वच्छ फडकं गार पाण्यात भिजवून मिटल्या डोळ्यांवर ठेवा. आणि ते मेडिकलचे थेंब आजपासून बंद. असले थेंब मनानं घालत राहिलं तर नजरही जाते."

बाईंनी दुसरं औषध लिहून दिलं. आसारामनं ते वेळेवर घातलं, गार फडकंही ठेवलं. पण सुनिता वाकळ उचलायला आली की तो तिचं टोक घट्ट धरायचा. "राहू दे."

एका सकाळी तो अंगणात डोळ्यांवर फडकं ठेवून बसला होता. वाकळ मांडीवरच होती. सुनिता जवळ येऊन बसली.

"मामा, का धुऊ देत न्हाईत ही?"

त्यानं वाकळीचा काठ मुठीत धरला. मग म्हणाला, "तिचा वास जाईल गं. मिशेरीचा, खोबरेल तेलाचा..."

सुनितानं वाकळीचा काठ नाकाशी नेला. तिचा आवाज एकदम हळू झाला.

"रागावू नका मामा. आत्यांचा वास कवाच गेलाय. ह्याला आता तुमच्या बिडीचा वास येतोय."

आसारामनं फडकं काढलं. वाकळीत तोंड खुपसून त्यानं श्वास ओढला. मग घड्या उलगडून, जिथं तिचं डोकं यायचं तो काठ हुंगून पाहिला. बिडी, घाम, धूळ. एवढंच. वास गेल्याचं त्याला तितकं वाईट वाटलं नाही. तो कधी गेला हे आपल्याला कळलंसुद्धा नाही, ते मात्र फार लागलं.

"पाणी तापव," तो म्हणाला.

काळं पाणी निघालं. दोघांनी दोन टोकं धरून वाकळ पिळली आणि दगडी कुंपणावर पसरली. मळ निघाल्यावर मधला एक तुकडा गर्द हिरवा दिसायला लागला. आसारामचा हात तिथंच थांबला.

"हे लुगडं नारायणगडच्या जत्रंतलं. नवं लगीन झालतं. मी लाल घे म्हणलो, तिला हिरवंच पायजे. रुसून गर्दीत पुढं निघून गेली. मी लई हुडकलं. शेवटी एका झाडाखाली रेवड्या खात बसली होती. मला म्हणली, 'हरवले न्हाई मी. तुमी किती हुडकता ते बघत होते.'"

सुनिता हसली. तोही हसला आणि हसता हसताच त्यानं हिरव्या तुकड्यावरून हात फिरवला.

"जानकी लई हट्टी होती," तो म्हणाला.

महिनाभरात खाज बरीच कमी झाली. वाकळ आता नेमानं उन्हात पडते. तरी रोज सकाळी उठायच्या आधी आसाराम तिचा काठ एकदा नाकाशी नेतो. साबणाचा आणि उन्हाचा वास येतो. तो थोडा वेळ तसाच पडून राहतो, मग उठतो.