मास्तरांचं माप

सर्जनने टेबलावर पोटाचं प्लास्टिकचं मॉडेल ठेवलं, त्याचे दोन भाग केले आणि मोठा भाग बाजूला सारला.

"हा काढून टाकायचा. उरेल ते एवढं, केळ्याएवढं."

मास्तरांनी त्या केळ्याएवढ्या पोटाकडे बघितलं. शिकाऊ माणसाने गाडीला पोचा पाडला की त्यांचा चेहरा असाच व्हायचा.

"कुणाचं?"

"तुमचं."

"डॉक्टरसाहेब, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय," मास्तर समजुतीच्या सुरात म्हणाले. "साखर आहे, मान्य. ब्लडप्रेशर आहे, मान्य. गुडघे कुरकुरतात, पण या वयात कुणाचे कुरकुरत नाहीत? वजनाचं मात्र तुम्ही भलतंच काढलंत. ही पँट बघा. लग्नाच्या पहिल्या वर्षी हिने शिवली. आजही हूक लागतो. विचारा हिला."

"आणि आत्ता काट्यावर जे दिसलं ते?"

"काटा बिघडतो हो. पँट कशी बिघडेल?"

सर्जनने मास्तरांच्या बायकोकडे बघितलं. बायको म्हणजे आमच्या टेलरबाई. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे आणि समोरच्याला एकदा नजरेखालून घातलं की त्यांना फारशी टेप लागत नाही. त्या टेलरबाई या क्षणी भिंतीवरच्या घड्याळाकडे अशा टक लावून बघत होत्या, की घड्याळच लाजून बंद पडावं.

कारण त्या पँटीचं गुपित एकट्या त्यांनाच ठाऊक होतं. शहाणा टेलर शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड दुमडून ठेवतो, त्याला माया म्हणतात. माणूस सुटला की शिवण उसवायची, मायेतलं थोडं कापड बाहेर सोडायचं आणि परत शिवायचं. टेलरबाईंनी मास्तरांच्या पँटींना सढळ हाताने माया ठेवली होती. ती पहिल्या काही वर्षांतच संपली. मग त्यांनी त्याच तपकिरी कापडाचा अख्खा तागा आणून माळ्यावर टाकला आणि दोन्ही बाजूंनी कमरेपासून पायापर्यंत पट्ट्या जोडायला सुरुवात केली. आधी बोटाएवढ्या, मग दोन बोटांच्या, मग विचारू नका. हात इतका सफाईचा की शिवण शोधून सापडू नये. मास्तर पँट चढवायचे, हूक लावायचे आणि आरशाला म्हणायचे, "जसाच्या तसा." टेलरबाईंना ते ऐकून बरं वाटायचं. नवरा खूश होता आणि आपल्या हातून कुणाचं वाईट तर होत नव्हतं, असं त्यांना वाटे.

वाईट होत होतं ते झोपेत. मास्तर घोरायचे ते खालच्या मजल्यावर ऐकू जायचं, पण टेलरबाईंना घोरण्याची भीती नव्हती. भीती होती ती घोरणं थांबण्याची. मध्येच सगळं शांत व्हायचं, छाती हलायची नाही, आणि टेलरबाई उशीवर कोपर टेकून वाट बघत राहायच्या. मग कोंडलेली मोरी मोकळी व्हावी तसा आवाज यायचा आणि गाडी पुन्हा सुरू. श्वासासाठी मशीन दिलं होतं, मास्क होता, पण मास्तर झोपेतच तो ओरबाडून फेकायचे. "या माणसाचं काळीज किती दिवस हे सोसेल, सांगता येत नाही," असं सर्जनने टेलरबाईंना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं. त्या दिवसापासून त्यांना शिलाई मशीनवर बसलं तरी सुई दिसेनाशी झाली होती. त्यांना नवरा हवा होता, जिवंत, मग तो केळ्याएवढ्या पोटाचा का असेना.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्या वन्सं, म्हणजे मास्तरांच्या थोरल्या बहीण, ऑपरेशनचं कानावर येताच जिना उतरून खाली आल्या.

"चांगलं धडधाकट पोट कापायचं म्हणजे काय? आमच्या घरात सगळे असेच भरदार. आमचे वडील दारातून तिरके आत यायचे."

"वन्सं, ते किती वर्षांचे असताना गेले?" टेलरबाईंनी विचारलं.

"तो विषय वेगळा," वन्सं म्हणाल्या आणि बशीतलं बिस्किट भावाच्या हातात दिलं.

मास्तरांनी ते खाल्लं. बहिणीचा मान राखायलाच हवा.

आता मास्तर कसले मास्तर, तर गाडी शिकवणारे. निम्मा गाव त्यांच्या हाताखालून गेला होता. ते शेजारच्या सीटवर बसायचे, पायाखाली जादा ब्रेक, आणि गाडी त्यांच्या बाजूला इतकी कललेली असायची की त्यांच्याकडे शिकलेली माणसं पुढे स्वतःच्या गाडीत बसली की त्यांना रस्ताच तिरका वाटायचा. पहिल्या दिवशी ते प्रत्येकाला एकच नियम सांगायचे. "मी सांगितल्याशिवाय वळायचं नाही, मी सांगितल्याशिवाय थांबायचं नाही. डोकं चालवायचं काम माझं. तुम्ही फक्त गाडी चालवा."

हा नियम शब्दशः पाळणारं माणूस आजवर कुणी भेटलं नव्हतं. ते त्या आठवड्यात भेटलं. बालवाडीच्या बाई. आयुष्यभर पोरांना 'सांगितल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही' असं शिकवलेलं, त्यामुळे स्वतःही त्याच वळणाच्या. मास्तर म्हणाले, "सरळ घ्या." बाईंनी सरळ घेतली. दुपारची वेळ होती, गाडी छान गुणगुणत होती, आणि मास्तरांचा डोळा लागला.

बाई सरळ गेल्या. बाजार मागे पडला, गाव मागे पडलं, पेट्रोल पंप आला आणि गेला. नदीपाशी रस्ता संपला, पण सरळ समोर धक्क्याला फेरीबोट लागलेली होती आणि तिथला माणूस "या, या" करून हात हलवत होता. बाई बोटीवर चढल्या.

मास्तरांना जाग आली तेव्हा चहूकडे पाणी होतं.

"हे काय?"

"सर, तुम्ही वळा म्हणाला नाहीत," बाई म्हणाल्या. स्टिअरिंग त्यांनी अजून घट्ट धरून ठेवलं होतं.

ही गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर झाली. मास्तरांनी स्वतःच ती सगळ्यांना हसत हसत सांगितली, वन्संना तर अभिनयासकट. बाईंना घरी सोडायला मात्र टेलरबाई गेल्या. दारात बाई थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुम्हाला एक सांगू का? सर झोपेत श्वास घ्यायचे थांबत होते. मला वाटायचं, गाडी थांबवावी. पण थांबा म्हणाले नव्हते ना. मग घोरले की माझ्या जिवात जीव यायचा."

आपण घरात जे सोसतो ते ही बिचारी सबंध दुपार हातात गाडी घेऊन सोसत होती, हे टेलरबाईंच्या ध्यानात आलं. वळणावर समोरून ट्रक आला असता तर? आणि मास्तर मात्र 'पँट होते' म्हणून ठणठणीत. ती पँट त्यांनीच शिवलेली होती. त्यांना स्वतःचा इतका राग आला की घरी येताच कात्री घेऊन त्यांनी त्या पँटीच्या सगळ्या पट्ट्या काढल्या. उरलेलं मूळ कापड होतं तसं जोडून, इस्त्री करून खुर्चीवर ठेवलं.

सकाळी मास्तरांनी पँट घेतली. पाय आत गेले. गुडघ्यांपर्यंत सगळं सुरळीत होतं. मांड्यांपाशी पँट थांबली. मास्तरांनी जोर लावला. पँट वर जाईना, खाली येईना. खाली रस्त्यावर नवा शिकाऊ हॉर्न वाजवत होता.

"अगं, ही कुणाची पँट?"

"तुमचीच. लग्नाच्या पहिल्या वर्षीची. काल मी तिच्यातल्या पट्ट्या काढल्या."

"कसल्या पट्ट्या?"

टेलरबाईंनी पिशवी उचलली आणि पलंगावर पालथी केली. तपकिरी पट्ट्यांचा ढीग पडला. मास्तर तसेच, मांड्यांत अडकलेल्या पँटीसह, पलंगाच्या काठावर बसले. त्यांनी एक पट्टी उचलली, मग दुसरी. त्यातून एखाद्या पोराची पँट सहज झाली असती.

"म्हणजे इतकी वर्षं तू मला बनवत होतीस."

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून हो."

"मी सगळ्यांना छाती पुढे काढून सांगत होतो. डॉक्टरला सांगितलं."

"ऐकलं मी."

"आणि तू घड्याळ बघत होतीस."

मास्तर रुसले. दिवसभर लुंगी नेसून बसले आणि शिकाऊंना खिडकीतूनच परत पाठवलं. संध्याकाळी जेवण निम्मं सोडलं, वन्संनी आणलेल्या गोडाच्या वाटीला हात लावला नाही, आणि टेलरबाईंकडे न बघता म्हणाले, "विचार त्याला, केव्हा कापतोय."

आता गाडी रुळावर आली असं कुणालाही वाटेल. पण पुन्हा सर्जनसमोर बसल्यावर, मास्तर मुकाट्याने 'हो' म्हणाल्यावर, बिथरल्या त्या टेलरबाई.

"शिवता कसं?" त्यांनी विचारलं.

"स्टेपलरने. पिनांच्या रांगा बसतात."

"कागदाला मारतात तशा? माणसाला?"

"त्याचं यंत्र वेगळं असतं हो."

"आणि उसवलं तर?"

"क्वचित. शंभरात एखाद्याचं. मग पुन्हा आत जाऊन दुरुस्त करतो."

"आणि नंतर वाटलं, परत मोठं करावं?"

"नाही करता येत. काढलेला भाग गेला."

"म्हणजे तुम्ही माया अजिबात ठेवत नाही," टेलरबाई उभ्या राहिल्या. "चला हो. मी कापड कापतानासुद्धा इतकी बेफिकीर नसते. तो शंभरातला एक हेच निघाले तर मी काय करू? आहेत तसे राहू देत. मी पट्ट्या परत लावते."

मास्तरांनी बायकोचा हात धरून तिला खाली बसवलं. सर्जन मॉडेलचे दोन तुकडे उगाचच जोडून बघत राहिला.

"अगं, मला आधी वाटायचं, मी झोपलो की तूही झोपतेस," मास्तर म्हणाले. "त्या बालवाडीच्या बाईंनी परवा येऊन मलाही सगळं सांगितलं. एका दुपारीत त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. आणि तू? किती वर्षं झाली, माझ्या उशाशी अशी जागी राहतेस? मला एकदा तुला झोपलेली बघायची आहे. केळं तर केळं."

टेलरबाईंनी पदराने डोळे पुसले, सर्जनकडे रागाने बघितलं आणि म्हणाल्या, "पिना नीट लावा. सरळ रेषेत."

त्यानंतरचे दिवस पातळ सूप आणि वन्संची टोमणेबाजी यांत गेले. ऑपरेशनच्या दिवशी मास्तरांना आत नेलं तेव्हा टेलरबाई दारापर्यंत गेल्या. आत कोण कोण असणार, हे त्यांनी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना खोदून खोदून विचारलं. त्या म्हणाल्या, "मी त्यांच्या डोक्याशीच बसून असते. श्वासावर माझं सारखं लक्ष असतं. नजरही हलवत नाही."

"नक्की?"

"नक्की."

टेलरबाई बाकावर वन्संच्या शेजारी येऊन बसल्या. पर्स मांडीवर ठेवली. नंतरचं त्यांना काही आठवत नाही. जे झालं ते त्यांना पुढे वन्संकडूनच कळलं, तेही तक्रारीच्या सुरात. म्हणे, नवऱ्याचं पोट आत कापताहेत आणि ही बाई बाकावर आडवी होऊन घोरतेय. आसपासची माणसं बघत होती, लाजेने मेल्यासारखं झालं. शेवटी मास्तरांची स्ट्रेचरची गाडी बाहेर आली, सगळं व्यवस्थित झालं म्हणून सर्जनने सांगितलं, तरी ही उठेना. वन्सं गदागदा हलवायला निघाल्या, तेवढ्यात मास्तरांनी भुलीतून अर्धवट डोळे उघडले, बाकाकडे बघितलं आणि जड जिभेने म्हणाले, "ताई, हात लावू नकोस तिला."

आणि वॉर्डबॉयला म्हणाले, गाडी जरा इथेच थांबव.