जांभळ्या मखमलीचं कव्हर

नरहरच्या घरातल्या कॉम्प्युटरला सहा वर्षं झाली होती आणि या सहा वर्षांत त्याचे जेवढे लाड झाले तेवढे घरातल्या एकाही माणसाचे झाले नव्हते. तो आला त्या दिवशी उमाचं शिलाई मशीन आतल्या खोलीतून व्हरांड्यात गेलं ते कायमचं. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून जायचं नाही, असा नियम झाला. चपलांबरोबर व्हायरस येतो असं नरहरला ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं. नरहर जालन्याला जिल्हा परिषदेत वरिष्ठ सहाय्यक. ऑफिसात सांगितलेली गोष्ट खोटी असू शकते, हे त्याच्या डोक्यातच कधी आलं नाही. दर दसऱ्याला तो सोवळं नेसून कॉम्प्युटरची पूजा करी, हळदकुंकू लावी आणि मूठमूठ अक्षता वाही. एरवी वर्षभर त्यावर पत्ते खेळे.

उमा मात्र त्यावर काम करत होती. लग्नाआधी तिनं मराठी टायपिंगची चाळीस शब्दांची परीक्षा पहिल्या वर्गात पास केली होती. नरहर एका बोटानं टाइप करायचा. 'ज्ञ' शोधायला त्याला हरवलेला चष्मा शोधण्याइतका वेळ लागे, आणि सापडला की तो घरभर सांगे.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार चार साली, समाजाच्या वधू-वर मेळाव्याची पुस्तिका काढायचं ठरलं. मंडळाच्या बैठकीत नरहरनं छाती काढून सांगितलं, "आपल्या घरी कॉम्प्युटर आहे, करून टाकतो." घरी येऊन त्यानं फॉर्मांचा गठ्ठा उमाच्या पुढ्यात टाकला. "तुला दुपारी काम तरी काय असतं?"

उमानं सोळा दिवसांत तीनशे दहा मुलंमुली टाइप केल्या. गव्हाळ वर्ण, निर्व्यसनी, एकत्र कुटुंबाची आवड. काळ्याकुट्ट मुलांनी स्वतःला सावळं म्हणवून घेतलेलं तिनं मुकाट्यानं टाइप केलं, पण हस्ताक्षर न लागलेल्या प्रत्येक फॉर्मसाठी स्वतः फोन लावून गोत्र आणि गण विचारून घेतले. तिला त्यात एक गोष्ट हवी होती. असल्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक टाइपात लिहिलेलं असतं, अक्षरजुळणी अमुक अमुक. तिथं तिला आपलं नाव हवं होतं. चव्वेचाळीस वर्षांत तिचं नाव एकदाच छापलं गेलं होतं, लग्नपत्रिकेत, आणि तेही मांडवातच बदललं. हे तिनं नरहरला सांगितलं नव्हतं. सांगायचं कशाला, पुस्तिका आपणच टाइप करतोय, असं तिला वाटलं.

आणि मग कॉम्प्युटर बंद पडायला लागला.

आधी तो रेंगाळायला लागला. एक अक्षर दाबलं की ते पडद्यावर उमटेपर्यंत फोडणी करून परत यावं. मग पंधरा-वीस मिनिटं झाली की सगळं जागच्या जागी थिजायचं, बाणसुद्धा हलायचा नाही. फ्लॉपीवर उतरवून घ्यावं तर ड्राइव्ह नुसता खरखर करी आणि फ्लॉपी वाचतच नसे. म्हणजे तीनशे दहा जण त्या डब्यात कोंडलेले, आणि मेळावा आठ दिवसांवर.

नरहरनं उपाय केले. बटण बंद केलं, चालू केलं. मॉनिटरला दोन थपडा मारल्या. दुसऱ्या दिवशी उदबत्ती लावली. तिसऱ्या दिवशी मार्तंडरावांना बोलावलं.

मार्तंडराव मंडळाचे खजिनदार आणि कॉम्प्युटरमधले जाणकार. जाणकार अशासाठी, की त्यांच्याही घरी कॉम्प्युटर होता आणि तोही बंद पडायचा. चपला बाहेर काढून, पायसुद्धा धुऊन ते आत आले, मागे हात बांधून पडद्याकडे बघत राहिले आणि डॉक्टरासारखे हुंकारले.

"वहिनी, हे बिलकुल व्हायरसचं काम आहे. आमच्या घरी बराबर असंच झाल्तं. मी फॉरमॅट मारला. चार दिवस नुसतं पळून राह्यलं मशीन."

"आणि चार दिवसांनी?" उमानं विचारलं.

"मंग परत मारला. वर्षात तीनदा मारला मी."

तीनदा मारूनही न मेलेला व्हायरस मारायला हा माणूस आपल्या घरी आलाय, असं उमाच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं चहा ठेवला.

"फॉरमॅटमध्ये आतलं सगळं जातं ना?"

"जातं ना. पण मशीन साफ होतं."

"अगं, परत टाइप कर," नरहर म्हणाला. "एकदा केलेलंच तर आहे. आता जल्दी होईल."

सोळा दिवसांचं काम एका रात्रीत कसं जल्दी होईल, हे त्याला विचारण्यात अर्थ नव्हता. छापखान्याला गुरुवारी फ्लॉपी हवी होती. बुधवारी संध्याकाळी वसंता येऊन फॉरमॅट करणार असं ठरलं. वसंता आधी एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या कारखान्यात कॉम्प्युटर पुसायला होता. तिथून सुटल्यावर तो इंजिनिअर झाला. त्याला फॉरमॅट सोडून दुसरं काही येत नव्हतं, त्यामुळे तो कशालाही फॉरमॅटच सांगायचा.

जाता जाता मार्तंडरावांनी कॅबिनेटवरून हात फिरवला. "ते काही असो, कव्हर मात्र वहिनींनी फस्क्लास शिवलं आहे. तुमच्या कव्हरमुळंच इतके वर्ष टिकलं हे."

कव्हराबद्दल कुणी बोललं की उमाला बरं वाटे. जुनं कव्हर विटलं म्हणून तिनं मागच्या वर्षी हे नवं शिवलं होतं. जांभळी मखमल, आतून कापसाचं अस्तर, कडेनं सोनेरी गोट. मॉनिटरचं कव्हर रोज काढावं लागे, पण कॅबिनेटचं तिनं असं बेतलं होतं की काढायची गरजच नाही. बटणापुरती खिडकी, फ्लॉपीपुरती झडप, मागं वायरींना चीर. बाकी चारही बाजूंनी गच्च, धुळीचा कण आत जायचा नाही. जो येई तो बघत राही. मार्तंडरावांच्या बायकोनं, रजनीनं तर मागून घेतलं, हिरव्या मखमलीचं. आणखी तिघींना तिनं शिवून दिलं होतं.

उमाचा व्हायरसवर विश्वास नव्हता, कारण ती नोंद ठेवत होती. कॅलेंडरच्या मागच्या पानावर तिनं लिहून ठेवलं होतं. सकाळी सहाला चालू केला तर चाळीस मिनिटं चालतो. दुपारी दोनला, पंधरा. लोडशेडिंगमध्ये तीन तास बंद राहिला की पुन्हा अर्धा तास. व्हायरसला ऊन बाधतं असं तिनं कधी ऐकलं नव्हतं. पण हे ऐकून घ्यायला कुणी थांबलं नाही. नरहर म्हणाला, "तू त्यात डोकं घालू नको."

बुधवारी तो ऑफिसला गेला तशी तिनं कव्हर काढलं, व्हरांड्यातून शिलाई मशीनचा पेचकस आणला आणि कॅबिनेटचे स्क्रू काढले. काही बिघडलं तर आयुष्यभर ऐकावं लागलं असतं. पण पंचवीस वर्षं ती मशीनची पट्टी उघडून खालचा गुंता स्वतः काढत आली होती, आणि आत बघितल्याशिवाय बाहेरून निदान करणाऱ्यांचा तिला मनापासून तिटकारा होता.

पत्रा सरकवला आणि तिला हसूच फुटलं. आत तांदूळ होते. कुंकवानं लाल झालेले, सहा दसऱ्यांचे. काही बोर्डावर, काही वायरींत, आणि दोन दाणे बरोबर पंख्याच्या पात्यांत. पंखा अडखळत फिरत असणार यात शंकाच नव्हती. तिनं स्वयंपाकघरातून ताटली आणली आणि चिमट्यानं एकेक दाणा उचलून तिच्यात ठेवला. चांगली अर्धी मूठ भरली. संध्याकाळी नरहर, मार्तंडराव आणि वसंता तिघं बसतील तेव्हा चहाच्या आधी ही ताटली समोर ठेवायची, एक शब्द न बोलता. सहा वर्षांत एवढी गोड दुपार तिच्या वाट्याला आली नव्हती.

मग ती पंख्याखाली ब्रश फिरवायला गेली आणि ब्रशला काहीतरी चिकटून आलं. जाड, मऊ थर. पंख्याखालच्या धातूच्या फटी त्यानं बुजून गेल्या होत्या. तिनं तो बोटांनी उचलून खिडकीशी नेला. जांभळा होता.

फ्लॉपीच्या ड्राइव्हमध्येही तेच. मागच्या जाळीवरही तेच. मखमलीचा भुगा.

उमा खाली बसली. तिनं सगळं साफ केलं, पंख्याला मशीनच्या तेलाचा थेंब दिला आणि कव्हर न घालता कॉम्प्युटर चालू केला. भर दुपारी तो एक तास चालला. दोष कव्हराचा, हे तिला पटवून घ्यायचं नव्हतं, म्हणून तिनं वरून कव्हर चढवलं आणि घड्याळाकडे बघत बसली. बाविसाव्या मिनिटाला बाण थांबला. कव्हरात हात घातला तर आत भट्टी होती. दाणे सहा वर्षांपासून पडत होते आणि पाच वर्षं काही बिघडलं नव्हतं. कव्हर मागच्या वर्षीचं होतं.

ताटलीतले तांदूळ तिनं उचलून केरात टाकले.

कॉम्प्युटर निवल्यावर तिनं पहिलं काम फ्लॉपीचं केलं. तीनशे दहा जण दोन फ्लॉप्यांवर सुखरूप उतरले. संध्याकाळी वसंता आला तेव्हा कॉम्प्युटर चालू होता. वसंताचं तोंड उतरलं. मार्तंडराव म्हणाले, व्हायरस कधी कधी आपोआप जातो. नरहर म्हणाला, परवाच्या उदबत्तीनंतरच त्याला फरक वाटत होता. कव्हर कुठं आहे, हे कुणी विचारलं नाही. उमानं सांगितलंही नाही. आयुष्यभर ज्यांना मनातल्या मनात हसलो त्यांच्याच दारात हसण्यासारख्या गोष्टींची गोणी नेऊन टाकायची, एवढं मोठं मन तिचं नव्हतं.

गुरुवारी सकाळी नरहरनं शेवटचं पान सांगितलं. उमा टाइप करत गेली. मंडळाचे अध्यक्ष. उपाध्यक्ष. मंडपवाले. खजिनदार आणि संगणक मार्गदर्शक मार्तंडराव. संगणक तंत्रज्ञ वसंता. संगणक सौजन्य आणि अक्षरजुळणी, श्री. नरहर. एकूण चौदा नावं.

उमाची बोटं थांबली. "अक्षरजुळणी मी केली ना?"

"मंग? घरच्या माणसाचे का आभार मानायचे असतात? कसं दिसेल ते?" त्यानं हे रागानं म्हटलं नाही. त्याला खरंच कळत नव्हतं, आणि उमाला त्याचाच जास्त संताप आला. तो डबा घेऊन ऑफिसला गेला.

छापखाना भाजीच्या वाटेवरच होता. जाण्याआधी उमा पुन्हा खुर्चीवर बसली. चौदा नावांना तिनं हात लावला नाही. स्वतःबद्दल लिहायचं तर सगळं खरं, असं ठरवून त्यांच्या खाली एक ओळ वाढवली आणि भाजीच्या पिशवीत फ्लॉप्या टाकून निघाली.

रविवारी मेळाव्यात पुस्तिका वाटली गेली. लोक शेवटच्या पानापासून वाचतात, आपलं नाव तिथं असतं म्हणून. नरहरनं व्यासपीठावर बसून पान उघडलं, आणि उमाला मांडवाच्या टोकावरून त्याची मान वर येताना दिसली. ओळ अशी होती: 'या पुस्तिकेतील तीनशे दहा नोंदी सौ. उमा यांनी टाइप केल्या. मखमलीचं कव्हर चढवून संगणक गुदमरवला तो त्यांनीच, आणि कव्हर काढून दुरुस्त केला तोही त्यांनीच.'

तांदळाबद्दल तिनं अवाक्षर लिहिलं नव्हतं. घरी आल्यावर नरहर एवढंच म्हणाला, "कव्हराचं लिहायची काय गरज होती?" उमाला भांडणाची अपेक्षा होती. हे ऐकून तिला हसू आलं. चार लोकांत आपली चूक कबूल केली म्हणजे आपण त्या चौदा जणांपेक्षा वीतभर उंच झालो, असं तिला दिवसभर वाटत राहिलं.

सोमवारी रजनी आली. हातात कापडी पिशवी. पिशवीत हिरव्या मखमलीचं कव्हर, घडी घातलेलं.

"यांनी मेळाव्याहून आल्या आल्या काढलं," ती म्हणाली. "सकाळपासून चालून राह्यलंय मशीन. एकदाबी बंद पडलं न्हाई."

"मग मार्तंडरावांनी तीन फॉरमॅट फुकटच मारले म्हणायचे," उमा हसत म्हणाली. हे वाक्य तिनं रजनी दारात दिसल्यापासून तयार ठेवलं होतं.

रजनी हसली नाही. "पहिल्या फॉरमॅटात नातवाच्या बारशाचे फोटो गेले. भाच्यानं पुण्याहून आणून त्याच्यात भरून देल्ते. सासूबाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पुढच्याच महिन्यात त्या गेल्या. दुसरीकडं कुठंच न्हाईत ते फोटो."

उमाला लाज वाटली, आणि लाज वाटण्यापलीकडं करण्यासारखं काही नव्हतं.

"मी काही बोलायला न्हाई आले," रजनी म्हणाली. "तुम्ही लिहिलं म्हणून कळलं तरी. कव्हर छान शिवलंत तुम्ही, टाकवलं न्हाई, म्हणून आणून दिलं."

ती चहासुद्धा न घेता गेली. उमानं कव्हर पिशवीतून काढून मांडीवर पसरलं आणि उलटसुलट करून बघितलं. टाके एकसारखे होते. कुठं एक सुटला नव्हता.