शर्टाचं शेपूट

काडतूस पडलं, दुकानातल्या काचेच्या कपाटावर घरंगळत अर्धं वर्तुळ काढून पुन्हा व्हर्लिनच्याच बोटापाशी आलं, आणि त्याने ते पुन्हा बुडावर उभं केलं — करंगळीएवढं, पितळी, डोक्याशी चपटं, जणू लहानपणीच कुणी टपली मारून बसवलेलं. थर्टी-थर्टी. ‘विणायची सुई’ म्हणायचा एल्वुड. थोरला भाऊ. दर वर्षी हरणांचा हंगाम उघडायच्या आदल्या संध्याकाळी, टेकडीवरच्या लाकडी खोपटात, कुट्टूच्या धिरड्यांवर मेपलचा पाक ओतता ओतता तो विचारायचा, हरणाला स्वेटर विणणार आहात का रे? आणि आपलं थर्टी-फाइव्ह काडतूस टेबलावर आपटायचा. ते अंगठ्याएवढं जाड. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्या गोळीने एकदा हरीण पडलं, मागचं झाड पडलं, आणि झाडामागे लपलेला वनखात्याचा माणूस नोकरी सोडून पाद्री झाला.

एप्रिलमध्ये एल्वुड गेला. खोपटाची किल्ली आता एकट्या व्हर्लिनकडे, आणि ती अजून कुलपाला लागली नव्हती.

“खांदा काय म्हणतोय?” लोर्नाने विचारलं. बंदुकांचं हे दुकान तिच्या बापाचं, आता तिचं. शाळेत ती व्हर्लिनच्या मागच्या बाकावर बसायची आणि अजूनही त्याच्याशी मागच्या बाकावरूनच बोलते.

खांदा म्हणत होता, घरी बस. उन्हाळ्यात नवा सांधा बसवला होता. त्याची जुनी, जड बोल्टची रायफल बार उडताना एका लाथेत तो उखडून हातात देईल, असं डॉक्टर म्हणाला होता. तेव्हा लिव्हरची घ्यायची — हलकी, आखूड, झुडपांत न अडकणारी. मुठीखालची कडी खाली ओढून वर घेतली की जुनं काडतूस बाहेर, नवं आत. आणि काडतूस थर्टी-थर्टी. लोर्नाने सगळं समजावलं होतं : लाथ कमी, कुठेही मिळतं, आणि तुमच्या त्या झाडीत शंभर पावलांपलीकडे दिसतंय तरी काय. डोकं चपटं का, तेही तिने सांगितलं, त्याला माहीत असून — नळीखालच्या नळकांड्यात काडतुसं एकामागे एक निजतात, एकाचं नाक दुसऱ्याच्या बुडाला. नाक टोकदार असेल तर धक्क्याने पुढच्याच्या बुडाला टोचून झोपेतच भडका. एका खाटेवर निजणाऱ्या भावांसारखी... हे ती म्हणाली नाही. हे त्याच्याच डोक्यात आलं.

“पण थर्टी-फाइव्ह फांदीला भीत नाही,” तो म्हणाला.

लोर्नाचा हात थांबला. “हे तू कधीपासून म्हणायला लागलास?”

खरंच की. चाळीस वर्षं एल्वुडच्या या वाक्याला तो हसला होता. आता समोरून वाक्य येईना, तर त्याचंच तोंड ते बोलून मोकळं झालं, एल्वुड त्याआधी काढायचा त्या खोकल्यासकट... भांडायला कुणी नसेल तर माणूस दोन्ही बाजू धरतो की काय.

लोर्ना आत गेली आणि एक रायफल घेऊन आली. दस्त्यावर चंद्रकोरीसारखा खड्डा. अस्वलाने चावा घेतला, असं एल्वुड सांगे. खरं म्हणजे आयडेलावहिनीच्या गॅरेजचं दार. एल्वुडची ही थर्टी-फाइव्ह वहिनीने विकायला ठेवली होती. खिडकीत लाव म्हणाली होती, तू येईपर्यंत मीच दाराआड ठेवली, असं लोर्ना कडी उघडून, आत बोट घालून रिकामी असल्याची खात्री करत म्हणाली.

हिच्याच पायी एल्वुडच्या फजितीचा तो दिवस. बर्फात वीस पावलांवर नर हरीण, शिंगं खुर्चीएवढी — पुढे पुढे सांगताना ती सोफ्याएवढी झाली — आणि एल्वुड कडी मारतोय, खटक-खटक, खटक-खटक. मग धापा टाकत खोपटात आला, सगळ्या गोळ्या घातल्या म्हणाला, हरीण जादूचं आहे. वडील बर्फात जाऊन आले. ओंजळीत सगळी काडतुसं, एकही न उडालेलं. गडी चाप ओढायलाच विसरला होता.

खोपटाचा कायदा असा, की नेम चुकला की शर्टाचं मागचं शेपूट कापून, नाव घालून भिंतीला खिळायचं. वडिलांनी कात्री उचलली. एल्वुडने पवित्रा बदलला : “गोळी सुटलीच नाही, तर चुकली कशी? कात्री खाली ठेवा.” धिरडी गार होईपर्यंत वाद चालला. शेवटी वडिलांनी निवाडा दिला : शेपूट कापायचं, पण उलटं टांगायचं.

ते अजून तिथे आहे. लाल चौकड्यांचं, उलटं. शेजारी एल्वुडची बाकीची — निळं, तपकिरी, वहिनीने नाताळात दिलेलं ते चांगलं लोकरीचं. भिंत त्यानेच भरलीय. व्हर्लिनचं एकही नाही. व्हर्लिन कधी चुकला नाही. हे त्याने किती दिमाखात मिरवलं होतं... आणि आता डोळ्यांपुढे भिंत आणली तर तिच्यावर आपण कुठेच नाही. जणू ते सगळे हिवाळे एल्वुड तिथे एकटाच राहत होता.

थर्टी-थर्टी घेतलं, तर याही वर्षी चुकणार नाही. थर्टी-फाइव्हच्या लाथेने मात्र या खांद्याचा नेम ढळणारच.

त्याने रायफल खांद्याला लावली. खांदा कळवळला. खिडकीबाहेर, रस्त्यापलीकडे, बर्फ भुरभुरत होता. त्याने कडी मारली. खटक-खटक — तोच आवाज, तेलात भिजलेला, थोडा सैल. पुन्हा मारली. पुन्हा...

“चापही ओढायचा असतो, व्हर्लिन,” लोर्ना हळूच म्हणाली.

त्याचा डावा हात आपसूक मागे गेला, शर्ट सांभाळायला. कुणाच्याही हातात कात्री नव्हती. लोर्नाने एक थर्टी-फाइव्ह शोधून आणून थर्टी-थर्टीशेजारी उभं केलं होतं आणि ती वाट पाहत होती. त्याने दोन्हींकडे पाहिलं नाही. पँटमध्ये घट्ट खोचलेलं शर्टाचं शेपूट तो मागून बोटाबोटाने बाहेर ओढू लागला, आणि कमरेला गार हवा लागली तेव्हा त्याला वाटलं, आता खोपटाचं दार उघडता येईल... कदाचित.