माझा गुडघा आणि 'चालतंय की'

आमच्या शिराळ्यात 'चालतंय की' म्हटलं की विषय संपतो. गाडीला आरसा एकच? चालतंय की. पंखा आवाज करतोय? चालतंय की. फक्त प्रमोदिनी आत्यासमोर हा शब्द काढायचा नाही. ती सरकारची विमान-निरीक्षक. विमानातले रेडिओ, वायरी, काटे, असलं सगळं तपासते. तिची सही झाल्याशिवाय विमान हलत नाही. दिवाळीत तिनं आमचा मिक्सरसुद्धा नापास केला होता!

तर मी शिवांजली, दहावी ब. वक्तृत्वात जिल्ह्यात पहिली आले (हो, पहिली!). बक्षीस म्हणून विमानशाळेच्या छोट्या विमानातून एक फेरी, तीही शिराळ्यावरून. मी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं. माझे चुलते लालासाहेब तात्या, फौजेतून रिटायर झालेले, म्हणाले, "धा वाजता गच्चीवर लाल लुगडं हलवतो. वरनं हात कर, काय?"

धावपट्टीवर पोचते तर आत्या हजर! नेमकी त्याच दिवशी तिची तपासणी. मी पळत गेले.

"इथं मी तुझी आत्या नाही."

"मग कोण?"

"मॅडम."

घ्या!

विमान चालवणाऱ्या माया मॅडमनी मला शेजारी बसवलं, कानाला हेडफोन दिला आणि त्या चाकं बघायला खाली उतरल्या. कानात ऑफिसातला माणूस वारा किती आहे ते सांगत होता. बाहेर आत्यानं सहीसाठी पेन उघडलं. एवढ्यात माझा गुडघा (वर्गात सगळ्यात उंच मीच, काय करू?) समोरच्या पॅनेलला खालून लागला. आवाज गप्प! गुडघा काढला, आवाज आला. परत लावला, गप्प.

कुणालाच कळलं नव्हतं. पाय आखडून बसले असते तर दहा मिनिटांत शिराळ्यावर असते. गच्चीवरचं लाल लुगडं डोळ्यांसमोर आलं. अख्खी गल्ली आली.

शेवटी आत्याकडे बघून, वर्गात करते तसा हात वर केला.

"मॅडम, गुडघा लागला की रेडिओ बंद पडतोय."

तिथले मेकॅनिक ज्ञानूकाका हसले. "आवं मॅडम, पोरीनं पाय जरा मागं घेतला की चालतंय की!"

आत्यानं पेनाचं टोपण खट्‌कन लावलं. "ज्ञानूभाऊ, वर हवेचे धक्के बसतात. हवेला सांगणार का, पाय मागं घे म्हणून?"

पॅनेल उघडलं. रेडिओमागचा प्लग ढिला, वरनं नुसती चिकटपट्टी! नवा प्लग पुण्याहून येणार, म्हणजे थेट शनिवार. खरं सांगते, मला रडू आलं. आत्यानं तिचा तपासणीचा कागद पुढं केला. त्यावर लिहिलं होतं, 'दोष प्रथम लक्षात आणून देणारी: शिवांजली.' मी तो तीनदा वाचला.

तेवढ्यात तात्यांचा फोन, फौजी आवाज आत्यालाही ऐकू जाणारा. "दिसलीस गं! लय उंचावर व्हतीस! मागं पांढरी रेघ बी सोडलीस! समद्यांनी हात केला!"

"तात्या, ती मी नव्हते. माझं विमान नापास झालं."

"आँ? मग आमी हात केला कुणाला?"

मला रडता रडता हसूच फुटलं. "शनिवारी परत या गच्चीवर."

"येतो की. पण लुगडं टाकीला अडकून फाटलंय गं. तसलंच फाटकं आणू?"

मी काही बोलायच्या आत आत्यानं फोन घेतला.

"दादा, लुगडं ना? चालतंय की!"